बनानारामा: एकाच सुरातले दोन गळे आणि वीस वर्षांची सिंगल्स

बनानारामा या ब्रिटिश पॉप गटाच्या २००५ नंतरच्या गाण्यांकडे बहुतेक जण 'व्हीनस'वाल्या बायकांचा जुना माल नव्या वेष्टनात, अशाच नजरेने बघतात. हे अगदीच खोटं नाही, पण त्या नजरेमुळे चांगली गाणीही हातची जातात. यातली चार-पाच सिंगल्स (एकेक करून सुटी काढलेली गाणी) ऐंशीच्या दशकातल्या कामाशेजारी बिनदिक्कत ठेवावीत अशी आहेत. रिमिक्सच्या ढिगातला निम्मा भाग मात्र न ऐकता सोडला तरी काही बिघडत नाही. चांगलं कुठलं आणि टाकाऊ कुठलं हे ओळखायची खूण एकच: दोघींचा एकत्र गळा शाबूत ठेवलाय, की चिरून त्याची कोशिंबीर केली आहे.

आधी माणसं. १९८०-८१ च्या सुमारास लंडनमध्ये सुरुवात झाली तेव्हा तिघी होत्या: सारा डॅलिन, केरेन वुडवर्ड आणि शिवॉन फाही. सारा आणि केरेन ब्रिस्टलच्या शाळकरी मैत्रिणी. शिवॉन १९८८ मध्ये बाहेर पडली, तिच्या जागी जॅकी ओ'सलिव्हन आली, ती १९९१ पर्यंत राहिली. तेव्हापासून, २०१७ चं एक पुनर्मीलन सोडलं तर, आजपर्यंत दोघीच. म्हणजे 'गर्ल ग्रुप' म्हणून नाव असलं तरी इथे जे ऐकायचं आहे ते दोन बायकांचं काम आहे.

आता तो गळा. बाकीच्या गटांमध्ये एक जण पुढे गाते आणि बाकीच्या मागून वेगवेगळे सूर लावतात. बनानारामा पहिल्यापासून सगळ्या मिळून एकच सूर गातात. तीन माणसं एकच सूर कितीही नेमका गायली तरी प्रत्येकीचा सूर केसभर वर-खाली असतो आणि शब्द काही मिलिसेकंद मागे-पुढे पडतो. त्यातून आवाजाला जो जाडपणा येतो तो आणायला इतर लोक यंत्रं लावतात. शिवाय या बायका ताना घेत नाहीत, सूर थरथरवत नाहीत, भावनेने गदगदत नाहीत. 'यांना गाता येत नाही' हा जुना शेरा इथूनच आला. पण ड्रम मशीनवर असा सपाट, थंड, जाडसर आवाज जितका घट्ट बसतो तितका मोठ्या गायिकेचा बसत नाही. स्टॉक, एटकन आणि वॉटरमन या निर्मात्यांनी हे बरोबर हेरलं होतं. 'व्हीनस' हे मूळचं शॉकिंग ब्लू या डच बँडचं १९६९ चं गाणं. या तीन निर्मात्यांनी बनानारामाकडून करून घेतलेली त्याची आवृत्ती १९८६ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेली. त्याचं नऊ मिनिटांच्या वरचं 'हेलफायर मिक्स' अजून ऐका. ठोका आणि बेस कितीही धावो, गळा आपल्या जागेवरून हलत नाही.

दोघीच उरल्यावर तिसरा गळा कुठून येतो? स्टुडिओत प्रत्येकीकडून तीच ओळ दोन-तीनदा गाऊन घेतात आणि थर एकावर एक चढवतात. तरी जुन्या तिघींच्या एकत्र आवाजात तीन वेगळ्या माणसांचा जो पोत होता तो यात पूर्ण येत नाही. हेडफोन लावून १९८६ चं काहीही आणि २००५ चं काहीही पाठोपाठ ऐकलं की फरक कळतो. नंतरचा आवाज गुळगुळीत आहे आणि तिघींतला सगळ्यात खडबडीत गळा शिवॉनचा होता.

पुनरागमनाचं पहिलं सिंगल 'मूव्ह इन माय डायरेक्शन', २००५ चा उन्हाळा. ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत १४ वा क्रमांक. दहा वर्षांहून जास्त काळ पहिल्या विसात पाऊल न पडलेल्या गटासाठी हे थोडं नव्हे. गाणं स्वीडनच्या मर्लिन म्युझिकच्या मंडळींबरोबर केलेलं, आणि स्वीडिश पॉपची शिस्त त्यात पहिल्या मिनिटातच दिसते: कडवं आखूड, कोरसच्या आधी छोटी चढण, कोरसमध्ये शब्द कमी आणि तेच तेच. बेस सतत धडधडणारा सिंथचा (सिंथेसायझरचा). मुख्य म्हणजे कोरसमध्ये गळ्याला कुणी हात लावलेला नाही, दोघी सरळ गातात आणि मागचं वाद्यकाम वाट सोडून उभं राहतं. रेडिओसाठीची आवृत्तीच इथे सर्वात चांगली. बॉबी ब्लॅंको आणि मिकी मोटो यांचा रिमिक्स त्या काळच्या हाऊस या क्लबमधल्या नाचाच्या संगीताची आवड असलेल्यांसाठी, पहिल्या भेटीत त्याची गरज नाही.

दुसरं सिंगल 'लुक ऑन द फ्लोअर (हिप्नॉटिक टँगो)' हे या सगळ्या वीस वर्षांतलं सरस काम, असं आमचं ठाम मत आहे. ब्रिटनमध्ये ते २६ व्या क्रमांकावर अडकलं, पण अमेरिकेत बिलबोर्डच्या क्लब यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढलं. ती यादी त्या वेळी दुकानातल्या विक्रीवर नव्हे, क्लबमधले डीजे काय वाजवतात यावर ठरायची, हे लक्षात घेतलं तर आकड्याचा अर्थ कळतो: रेडिओने सोडलेलं गाणं नाचाच्या फरशीने उचललं.

कंसातलं नाव शोभेचं नाही. 'हिप्नॉटिक टँगो' हे माय माइन या इटालियन गटाचं १९८३ चं गाणं, इटालो डिस्कोच्या, म्हणजे इटलीतल्या सिंथवर चालणाऱ्या डिस्कोच्या, चाहत्यांचं दैवत. बनानारामाने त्याचा कोरस उचलला आणि त्याला स्वतःची कडवी जोडली. इटालो डिस्कोची खासियत अशी की बेस अष्टकाच्या दोन टोकांत उड्या मारत राहतो, चाल उदास असते आणि गाणारा त्या उदासीची फारशी दखल घेत नाही. ती बेफिकिरी या दोघींच्या गळ्यात आधीपासूनच आहे. म्हणून उसना कोरस उसना वाटत नाही. मूळ गाणं आणि हे, लागोपाठ ऐकावीत. मूळ गाण्यातला पुरुषी आवाज जिथे नाटकी होतो, तिथे या दोघी नुसत्या खांदे उडवतात.

याचे रिमिक्स ऐकताना एक कसोटी लावा. पहिला कोरस आला की थांबा आणि बघा की दोघींच्या आवाजामागे अजून किती गोष्टी चालू आहेत. मूळ रिफ (पुन्हा पुन्हा येणारी छोटी वाद्यचाल) स्वतःच भरगच्च आहे. त्यावर रिमिक्सवाल्याने आणखी एक रुंद सिंथ पसरला की गळा आणि रिफ दोन्ही बुडतात, कारण दोघांचा मुक्काम एकाच मधल्या पट्टीत असतो. चांगला रिमिक्स करणारा इथे भर घालत नाही, काढून घेतो: कोरसला रिफ ठेवतो, कडव्याला फक्त ठोका आणि बेस.

ही दोन्ही सिंगल्स 'ड्रामा' या अल्बमवर आहेत. अल्बम नोव्हेंबर २००५ चा, ब्रिटनच्या यादीत पहिल्या शंभरातही आला नाही. मधली तीन-चार गाणी भरताड आहेत, पण तिथपर्यंत गेलाच आहात तर शेवटची दोन सोडू नका. तिथे जुन्या गाण्यांचे दोन रिमिक्स जोडलेत आणि त्या दोघांत रिमिक्सचा अख्खा धडा आहे.

'रिअली सेइंग समथिंग'चा सोलासो मिक्स हा आदर्श नमुना. मूळ गाणं व्हेल्व्हेलेट्स या मोटाउन नावाच्या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या गटाचं, बनानारामाने १९८२ मध्ये फन बॉय थ्री या गटाबरोबर गायलेलं. त्या काळचा गळा कच्चा, किंचित आडमुठा, शाळेच्या मैदानावरून येणारा. सोलासोने तो तसाच ठेवला आणि खाली २००० नंतरची हाऊसची जमीन अंथरली. दोन काळांतली फट लपवायचा प्रयत्न नाही, म्हणूनच मजा येते. 'व्हीनस'चा ब्रिटिश गायक मार्क आल्मंडचा 'हाय-एनआरजी शोगर्ल्स मिक्स' याच्या उलट टोकाला. तो मुद्दाम भडक आहे, टिकल्या-पिसांचा आहे, आणि मुळात वेगवानच असलेल्या गाण्याला अजून पळवतो. एकदा ऐकायला धमाल, दुसऱ्यांदा दमणूक. १९८६ च्या आवृत्तीतच जे काम झालं होतं त्यावर हे काम नवं काही सांगत नाही.

जुन्या गळ्यावर नवा ठेका बसवताना काय बिघडतं ते इथे सविस्तर सांगण्यासारखं आहे, कारण इंटरनेटवर बनानारामाचे हौशी रिमिक्स ढिगाने सापडतात आणि त्यातले बहुतेक याच तीन ठिकाणी आपटतात.

पहिलं, वेग. समजा मूळ गाणं मिनिटाला १२० ठोक्यांचं आहे आणि रिमिक्स १२८ चा हवा आहे. म्हणजे गळा ६.७ टक्के जलद करावा लागणार. सूर मोकळा सोडून नुसता वेग वाढवला तर आवाज एका अर्धसुरापेक्षा थोडा जास्त वर जातो आणि या बायका अचानक पोरसवदा वाटायला लागतात. सूर धरून ठेवून वेग वाढवला तर सॉफ्टवेअरला आवाजाचे बारीक तुकडे करून ते परत जुळवावे लागतात. एका माणसाचा गळा असेल तर हे बरं जमतं. इथे तीन गळे काही मिलिसेकंदांच्या अंतराने एकाच सुरावर आहेत, त्यामुळे सॉफ्टवेअरला नेमकी लहर सापडत नाही आणि आवाज पाण्याखालून आल्यासारखा येतो. चार टक्क्यांपर्यंत खपून जातं. त्यापुढे रिमिक्सचाच वेग कमी करावा, गळ्यावर जबरदस्ती करू नये. जुन्या टेक्निक्स टर्नटेबलवर वेग दोन्ही बाजूंना ८ टक्के सरकवता यायचा, पण सरकवता येतो म्हणून सरकवावा असं नाही.

दुसरं, 'स' आणि 'ट'. तिघी एकच ओळ गातात तेव्हा प्रत्येकीचा 'स' वेगळ्या क्षणी पडतो आणि एकाऐवजी तीन शिट्ट्या ऐकू येतात. चांगल्या स्टुडिओत यावर सोपा उपाय करतात: एका गळ्याचा 'स' ठेवतात, बाकीच्या थरांतून तो कापतात. तयार गाण्यातून सॉफ्टवेअरने गळा वेगळा काढणाऱ्याला ही सोय नाही. त्याने त्यावर जोरात कंप्रेसर (आवाजातला लहान-मोठेपणा कमी करणारं यंत्र) लावला की हळू असलेलं सगळं वर येतं आणि त्या शिट्ट्याही. 'रिअली सेइंग समथिंग'च्या नावातच किती 'स' आहेत ते बघा. ५ ते ८ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात डी-एसर ('स'च्या शिट्ट्या दाबणारं यंत्र) लावून, मगच कंप्रेसरकडे जावं. क्रम उलटा केला की काम फसलं.

तिसरं म्हणजे गळ्याचे तुकडे करून की-बोर्डवर वाजवायची हौस. एका अक्षराचा तुकडा 'आ-आ-आ-आ' करत सूर बदलत वाजवणं ही क्लबची जुनी युक्ती आहे आणि एकट्या गायिकेवर शोभते. एकत्र गळ्याचा तुकडा असा वाजवला की तो माणसाचा राहत नाही, सिंथचा स्वस्त आवाज होतो. मग बनानारामाच का घेतली? कुणाचाही गळा चालला असता.

२००९ च्या 'व्हिवा' अल्बमपासून चित्र बदलतं, कारण निर्माता इयन मास्टरसन आहे. हा माणूस नव्वदच्या दशकात ट्राउझर एन्थुझिअस्ट्स या नावाने क्लबसाठी रिमिक्स करणाऱ्या जोडीतला. म्हणजे इथे रिमिक्स करणाराच मूळ गाणं बांधतो आहे. परिणाम दुहेरी. 'लव्ह कम्स' हे सिंगल पहिल्यापासून रिमिक्ससारखं रचलेलं आहे: ठोका सरळ, सिंथ चढत जाणारे, मध्ये सगळं थांबवून गळा एकटा सोडणारी जागा आणि मग कोरस पूर्ण ताकदीने समेवर. त्यामुळे रेडिओ आवृत्ती ऐकतानाच क्लबमध्ये असल्याचा भास होतो. पण त्याच कारणाने वेगळ्या रिमिक्सना करायला काही उरत नाही. ब्रिटनमध्ये गाणं ४४ व्या क्रमांकावर थांबलं. याहून बऱ्याच वाईट गाण्यांचं याहून चांगलं झालेलं आहे.

'व्हिवा'वरची उसनी गाणीही तपासण्यासारखी. थ्री डिग्रीज या गटाचं 'द रनर' या दोघींच्या अंगाला बसतं, कारण मूळ रचनाच इटालियन निर्माता जॉर्जियो मोरोडरच्या यंत्रवत डिस्कोतली आहे. 'रॅप्चर' मात्र नको होतं. आयआयओ या गटाचं ते मूळ गाणं एका कुजबुजत्या, एकट्या आवाजावर उभं आहे. दोघींनी मिळून कुजबुजायचं तरी कसं?

त्यानंतरची काही वर्षं भराभर ओलांडता येतील. २०१२ मध्ये 'नाऊ ऑर नेव्हर' आलं आणि गेलं. २०१७ मध्ये शिवॉन परतली आणि मूळ तिघींनी दौरा केला. तो दौरा जुन्या गाण्यांचा होता. त्याचं थेट ध्वनिमुद्रण मिळतं आणि आपल्या विषयाला त्याचा एकच उपयोग: तिघींचा एकत्र गळा आजच्या माइकवर कसा वाजतो ते कळतं. तो पोत वय झाल्यावरही तसाच आहे, फक्त पट्टी थोडी खाली उतरली आहे.

२०१९ चा 'इन स्टिरिओ' हा दोघींनी स्वतःच्या इन सिंक या लेबलवर काढलेला अल्बम, ब्रिटनमध्ये २९ वा. पुन्हा मास्टरसनच. 'डान्स म्युझिक' हे पहिलं सिंगल यातलं सगळ्यात थंड डोक्याचं गाणं. वेग बेताचा, बेस गोल, आणि गळा जवळजवळ बोलल्यासारखा. पहिल्यांदा ऐकताना 'एवढंच?' असं वाटतं, आणि चौथ्या दिवशी तेच तोंडात बसलेलं असतं. 'स्टफ लाइक दॅट' जास्त उघड आहे, जुन्या डिस्कोकडे बघून हसणारं. 'लुकिंग फॉर समवन' मात्र हळवं आणि या बायकांच्या गळ्यात हळवेपणा लगेच उघडा पडतो, तिथे एकाच गळ्याची गरज होती.

२०२२ च्या 'मास्करेड'मधलं 'फेव्हरिट' चांगलं आहे, त्यापलीकडे अल्बम अंधाऱ्या खोलीत बसून ऐकायच्या सिंथ-पॉपकडे झुकतो. नाचायला आलेल्याने 'इन स्टिरिओ'वरच थांबावं. २०२४ च्या 'ग्लोरियस' या निवडक संग्रहात 'फील द लव्ह' आणि 'सुपरनोव्हा' ही दोन नवी गाणी आहेत. सगळ्या काळातलं एका ठिकाणी हवं असेल, तर सुरुवात करायला हाच संग्रह सोयीचा.

कार्यक्रमात वाजवणाऱ्यांसाठी थोडं. रेडिओ आवृत्तीत गळा दहा-पंधरा सेकंदांत सुरू होतो, त्यामुळे आधीच्या गाण्यावर ती चढवायला जागाच नसते. एक्स्टेंडेड, म्हणजे लांबवलेल्या, आवृत्तीत सुरुवातीला नुसता ठेका असतो. १२८ च्या वेगाला ३२ मात्रांचा तुकडा बरोबर १५ सेकंदांचा, तेव्हा एक मिनिटाच्या नुसत्या ठेक्यात असे चार तुकडे मिळतात. आधीच्या गाण्याचा बेस दुसऱ्या तुकड्याच्या शेवटी काढा आणि नव्याचा तिसऱ्याच्या समेवर उघडा. 'लुक ऑन द फ्लोअर'च्या आधी जड बेसलाइनचं गाणं असेल तर दोन बेस एकत्र चालू ठेवू नका, इटालोचा उड्या मारणारा बेस दुसऱ्या कुठल्याही बेसशी भांडतो. २००५ च्या आसपासची मास्टरिंग (ध्वनिमुद्रणाची शेवटची जुळवणी) फार जोरात केलेली असते, तेव्हा १९८६ चं 'व्हीनस' आणि २००५ चं काहीही लागोपाठ वाजवताना नव्याचा गेन (आवाजाची पातळी) दोन-तीन डेसिबल खाली घ्या. जुन्याचा वर चढवायला जाऊ नका. आणि बहुतेक हॉलमधली यंत्रणा मोनो असते, म्हणजे सगळ्या स्पीकरमधून एकच आवाज. घरी मोनोचं बटण दाबून ऐकून बघा: रुंद पसरलेले सिंथ बारीक पडतात आणि मधोमध असलेला गळा तेवढाच राहतो. या बाबतीत बनानारामा वाजवणाऱ्याचं नशीब चांगलं.

खरेदीत फसायच्या जागा दोन. एक, स्ट्रीमिंगवर 'व्हीनस' आणि 'क्रुएल समर' नावाने एकाहून जास्त ध्वनिमुद्रणं आहेत. २००१ मध्ये फ्रान्समध्ये आलेल्या 'एक्झॉटिका' अल्बमवर दोघींनी जुनी गाणी नव्याने गायली होती आणि तशा आवृत्त्या स्वस्त संग्रहांत मिसळलेल्या असतात. गाण्याच्या तपशिलात लंडन रेकॉर्ड्सचं नाव आणि ऐंशीच्या दशकातलं साल असेल तरच ते मूळ. मुखपृष्ठावरचा तिघींचा फोटो हा पुरावा नव्हे. दुसरं, 'इन अ बंच' हा ३३ सीडींचा सिंगल्सचा संच दिसायला संपूर्ण वाटतो आणि किंमतही तशीच असते, पण तो १९८१ ते १९९३ एवढाच आहे. वर लिहिलेल्या पुनरागमनातलं एकही गाणं त्यात नाही. ती रिमिक्स सिंगल्स जुन्या सीडींच्या बाजारात सुटी सुटीच शोधावी लागतात. तिथे घेताना फक्त प्रसिद्धीसाठी वाटलेल्या घरगुती सीडी-आर प्रती टाळा, त्यांची शाई आणि रंगाचा थर वर्षांनी उडतो आणि शेवटचा ट्रॅक आधी अडकायला लागतो. एक्स्टेंडेड मिक्स बहुतेक वेळा तिथेच असतो.